आज गाडी लेट हाय

आमच्या ऑफिसातली पोरं मला घाबरतात. घाबरू देत. गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर आमची बारा माणसांची कंपनी आहे, आणि पोरांनी लिहिलेला कोड तपासणं हे माझं काम. त्यात एक चूक दिसली की माझं टाळकं सटकतं, मग समोर कोण बसलंय ते मी बघत नाही.

ती चूक आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पायथॉन ही आमची कोड लिहायची भाषा. तिच्यात प्रोग्राम चालता चालता काही बिनसलं की तो बोंब मारतो. त्या बोंबेला एक्सेप्शन म्हणतात. बोंब कोणती ते बघायचं, ती झेलायची आणि काय करायचं ते करायचं, अशी रीत. आळशी पोरं काय करतात, तर सगळ्या बोंबा एकाच ओळीत झेलतात आणि खाली लिहितात 'पास'. पास म्हणजे काही करू नकोस, पुढे चल. मग तो प्रोग्राम कधीच रडत नाही. आत आग लागली तरी रडत नाही.

"अरे गाढवा," मी म्हणायचो, "तोंड दाबल्यावर माणूस ओरडत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही असं असतं का?" आणि एखादा म्हणाला की सर, माझ्याकडे एरर येतच नाही, तर मी म्हणायचो, "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. लॉग कुठाय? प्रोग्रामनं काय काय केलं त्याची नोंद?"

ती म्हण मी आता वापरत नाही. माझे आप्पा गेले, आणि माझ्या असल्याच दोन ओळींमुळे गेले. मला हे दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. माझ्या बहिणीला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं चूक तिची आहे, आणि मी तिला ते वाटू दिलं.

माझं नाव हर्षल. बहीण निकिता, माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी, पंचवटीत राहते आणि इथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आप्पा, म्हणजे चिमाजी, मनमाडला एकटे राहायचे. छत्तीस वर्षं रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे. आई गेल्यावर आम्ही दोघांनी त्यांना नाशिकला आणायचा लय प्रयत्न केला. पण गडी ऐकतोय कुठं! "तुमच्याकडं इंजिनाचा आवाज येत नाय," म्हणायचे, "मला झोप कशी लागंल?" एकाहत्तरावं लागलं होतं, साखर होती, गुडघे कुरकुरत होते, आणि दाराला आतून कडी घालून हा माणूस बाथरूममध्ये आंघोळीला जायचा. मला घोर लागलेला असायचा.

उपाय निकीनं काढला. आप्पा रोज पहाटे साडेसहाच्या आत गिझर लावायचे. छत्तीस वर्षं घड्याळावर जगलेला माणूस, त्यात एका दिवसाचा खाडा नाही. निकीनं गिझरला एक स्मार्ट प्लग लावला. गिझर चालू झाला की प्लग इंटरनेटवरून कळवतो. सात वाजेपर्यंत गिझर लागलाच नाही, तर काहीतरी चुकलंय. तेवढ्यावर तिनं एक मोड्यूल लिहिलं, म्हणजे प्रोग्रामचा एक वेगळा तुकडा, जो दुसरा प्रोग्राम इम्पोर्ट करून, म्हणजे वरच्या ओळीत नाव लिहून बोलावून, वापरतो. मुख्य प्रोग्राम मी लिहिला. तो माझ्या घरी टीव्हीमागच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि माझ्या फोनवर मेसेज टाकायचा. आप्पांचाच हुकूम होता, "पोरीला शिकवायचं आसतंय, तिला नको. हर्ष्याला पाठव."

बोंबांची नावं आप्पांनी सुचवली, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. निकी मनमाडला त्यांच्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं सगळ्या बिघाडांना एकच नाव ठेवलं होतं. आप्पांनी विचारलं, "लाइट गेली तर काय म्हणशील?"

"बिघाड."

"इंटरनेट गेलं तर?"

"बिघाडच."

"आन् मी पडलो तर?"

निकीनं लॅपटॉपवरून मान वर केली.

"हे बघ पोरी," आप्पा म्हणाले, "लाइन खराब आसती ते येगळं, सिग्नल खराब आसतो ते येगळं, आन् रुळावर माणूस पडलेला आसतो ते लय येगळं. समद्याला एकच शिट्टी मारली तर डायवरनं काय समजायचं?"

मग निकीनं स्वतःची तीन एक्सेप्शन्स केली, मराठीत, आप्पांना वाचता येतील अशी. 'वीज गेली'. 'रेंज गेली'. 'आप्पा उठले नाहीत'. आणि त्या तिघींची एक आई ठेवली, 'घरातली गडबड', कारण पद्धत तशीच असते. मला फोनवर बजावलं, "दादा, तिन्ही नावं वेगवेगळी इम्पोर्ट कर आणि वेगवेगळी झेल. आईला झेलू नकोस. आईला झेललंस की तिन्ही लेकी तिच्यासोबत तुझ्या ओंजळीत येतात, मग कोण ओरडतंय ते कळत नाही."

"मला शिकवतेस?" मी म्हणालो.

तिसऱ्या एक्सेप्शनसोबत कोणता मजकूर जाईल, तेही आप्पांनीच सांगितलं. "मी पडलो तर मीच बोलणार की!" म्हणाले आणि खो खो हसले. त्यांनी सांगितलेलं निकीनं जसंच्या तसं टाइप केलं:

'हर्ष्या, आज गाडी लेट हाय. बघ जरा.'

गिझर लागेपर्यंत दर दहा मिनिटांनी हा मेसेज जाणार, सात वाजल्यापासून दुपारी दोनपर्यंत.

पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मी तिन्ही झेलत होतो आणि तिन्हींचे मेसेज घेत होतो. मनमाडची वीज आणि रेंज म्हणजे काय सांगावं, पाहुण्यासारखी येणार आणि जाणार. फोन सारखा गुरगुरायचा. मग फेब्रुवारीत आमच्याकडे एका मोठ्या गिऱ्हाइकाला प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. माझा फोन टेबलावर, आणि मनमाडला सकाळपासून वीज ये-जा करत होती. वीज गेली, वीज गेली, वीज गेली. गिऱ्हाईक फोनकडे बघतंय, साहेब माझ्याकडे बघतायत. चहाच्या सुट्टीत मी लॅपटॉपवरून घरच्या कॉम्प्युटरला जोडलो. इम्पोर्टच्या ओळीत आईचं नाव घातलं आणि तिन्ही झेलण्यांच्या वर दोन ओळी टाकल्या. 'घरातली गडबड' झाली तर, पास.

पायथॉन वरून खाली बघत येतो. पहिला जो झेलेल त्याच्या हातात बोंब देतो, खालच्यांना विचारतही नाही. खाली माझी तिन्ही झेलणी नीटनेटकी तशीच उभी होती, नुसती शोभेला. फोन गप्प झाला आणि गिऱ्हाईक खूश झालं. संध्याकाळी घरी जाऊन त्या ओळी काढायच्या, असं ठरवलं होतं.

नाही काढल्या. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. फोन शांत होता, बरं वाटत होतं. आप्पांशी रात्री बोलणं व्हायचं, ते ठणठणीत होते. चार महिने मी ऑफिसात पोरांना त्याच चुकीसाठी झापत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

जूनच्या एका गुरुवारी दुपारी दोनला भागीबाईंचा फोन आला. भागीबाई म्हणजे आप्पांच्या शेजारीण. त्या सकाळीच येवल्याला गेल्या होत्या, दीडला परतल्या, तर आप्पांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली. त्यांनी हाका मारल्या, माणसं गोळा केली, कडी तोडली. आप्पा बाथरूमच्या उंबऱ्यात पडले होते. खुबा मोडलेला, डोक्याला मार. शुद्धीवर होते. मनमाडचे डॉक्टर मला फोनवर म्हणाले सहा-साडेसहाला पडले असावेत, आत रक्तस्राव झालाय, नाशिकला हलवा. आणि मग म्हणाले, "सकाळी नऊ-दहापर्यंत जरी आणलं असतं ना..." डॉक्टर लोक हे वाक्य पुरं करत नाहीत.

चांदवडच्या अलीकडे, अॅम्ब्युलन्समध्ये, आप्पा गेले. मी समोरून गाडी हाणत येत होतो. भेट झाली नाही.

भागीबाई दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आल्या तेव्हा सगळ्यांच्या देखत सांगत होत्या, "मी म्हनलं, आप्पा, वरडायचं तरी, गल्लीत कोनी आयकलं आसतं. तर म्हनले कसे, कशाला वरडू? सात वाजताच पोराला निरोप गेला आसंल. येतच आसंल तो."

म्हणजे तो माणूस साडेसहा ते दीड फरशीवर पडून होता आणि ओरडला नाही. माझी वाट बघत होता.

निकी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "दादा, तुला मेसेज आला नव्हता?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं काय होतं त्यात? नव्हताच आला. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे माझं मोड्यूल चुकलं," ती हळूच म्हणाली. "मी बोंब मारायला हवी होती तिथं मारलीच नाही."

तोवर मी कॉम्प्युटर उघडलेला होता. मला माहीत होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की निकी, तुझं बरोबर आहे, ती बोंब मी गिळली. आत्या होत्या, काका होते, बायको पाणी देत होती. मी म्हटलं आत्ता नको, लोक आहेत. मग म्हटलं उद्या. नंतर तर मी माणसातनंच उठलो. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून आल्यावर, सुतकातल्या त्या घरात, मी टीव्हीमागच्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि त्या दोन ओळी पुसल्या. तिनं बघितलं तर दिसू नयेत म्हणून. बापाची राख अजून नखात होती माझ्या.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन गुरगुरला.

'हर्ष्या, आज गाडी लेट हाय. बघ जरा.'

मनमाडच्या घराला कुलूप होतं. वीज होती, रेंज होती, प्लग जिवंत होता, आणि गिझर लागला नव्हता. दोन ओळी गेल्याबरोबर प्रोग्राम नेमका सांगत होता, आप्पा उठले नाहीत. सात दहाला पुन्हा. सात वीसला पुन्हा. मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि बादलीवर डोकं ठेवून रडलो. प्रोग्राम बंद करायला हात गेला नाही. कसा जाणार? तेवढेच शब्द उरले होते त्यांचे. आवाज बंद करून फोन खिशात ठेवायचो, आणि तो मांडीला थरथरायचा.

सातव्या दिवशी निकी लॅपटॉप घेऊन आली. तिनं तिचं मोड्यूल चार वेळा ओळ न् ओळ तपासलं होतं. "मला काही सापडत नाही रे," म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तुझा मुख्य प्रोग्राम दाखव."

मी दाखवला. ती वरून खाली वाचत गेली. तिन्ही झेलणी पाहून मान हलवली. मग बोट वरच्या ओळीवर ठेवलं. "ही 'घरातली गडबड' कशाला इम्पोर्ट केलीयस? खाली कुठं वापरलेली तर दिसत नाही."

दोन ओळी पुसल्या होत्या, वरचं ते नाव पुसायचं राहिलं होतं. "राहिलं असेल असंच," मी म्हणालो.

"हं." ती पुढे गेली. चांगल्या माणसाच्या मनात पाप येत नाही, त्याचा हा तोटा. "तुझं तर सगळं बरोबर आहे, दादा. म्हणजे माझंच. आता चालू आहे का हे?"

"बंद केलंय," मी म्हणालो. फोन खिशात थरथरत होता.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. गुरुजींनी पिंड मांडले, मी मुंडण केलेला, हात जोडून उभा. कावळे पलीकडच्या भिंतीवर ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली, उन्हानं डोकं भाजायला लागलं. बहिरूकाका, आप्पांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "मनात काय तरी राह्यलंय दादाच्या. बोला रे, काय आसंल ते बोला."

काका म्हणाले, मनमाडचं घर आम्ही विकणार नाय. कावळा हलला नाही. फुलाबाई आत्या म्हणाल्या, वर्षश्राद्ध नीट करू. नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काय राहिलंय. ते जिभेवर होतं. आणि मी म्हणालो, "आप्पा, निकीला अंतर देणार नाही." लाज वाटायला हवी होती मला. कावळा मान वाकडी करून बघत राहिला.

तेव्हा निकी पुढं आली. कुणी तिला बोल म्हणालं नव्हतं. तिनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आप्पा, तुम्ही माझ्या भरवशावर पडून राहिलात. माझ्या प्रोग्रामनं दगा दिला. माझी चूक झाली. मला माफ करा."

आणि एक कावळा उडाला, खाली आला आणि पिंडाला शिवला.

बायकांनी हुंदके दिले. "शिवला, शिवला!" काका म्हणाले. आत्या डोळे पुसत शेजारच्या बाईला सांगत होत्या, "पोरीनं कबूल केलं तवा शिवला बघा. तिच्या मशिनीनंच घात केला माझ्या भावाचा." निकी तशीच हात जोडून उभी, आणि मान हलवत होती, हो म्हणून.

अरे, कावळ्याला काय पायथॉन येतो? कावळा बसायला आणि फांदी तुटायला! भूक लागली, आला. पण आता तिला कोण सांगणार? तिला खुद्द बापानं सांगितलं होतं की चूक तुझीच. मला त्या कावळ्याचा इतका संताप आला की दगड उचलावा वाटलं. मग कळलं, संताप कावळ्याचा नाही.

त्या रात्री काही झोप लागली नाही. अकराव्या दिवशी पावणेसातला मी पंचवटीत तिच्या दारात होतो. तिचा नवरा अंबडला पहिल्या पाळीला गेलेला. निकीनं दार उघडलं, माझा चेहरा बघून घाबरली. "काय झालं? वहिनी बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. बस. सात वाजेपर्यंत थांब."

मी फोन टेबलावर ठेवला, आवाज चालू केला. तिनं चहा ओतला. बाहेर भाजीबाजाराकडे जाणाऱ्या रिक्षांचा गोंधळ सुरू झाला होता. सात वाजले. फोन वाजला. तिनं वाकून वाचलं.

'हर्ष्या, आज गाडी लेट हाय. बघ जरा.'

आधी तिचा चेहरा उजळला. देवाशप्पथ, उजळला. "आला! दादा, आला! म्हणजे माझं चालतंय! माझं बरोबर होतं!" तिनं माझा हात धरला. तो एक क्षण मी जन्मभर विसरणार नाही. मग हाताची पकड हळूहळू सुटली. "बंद केलंय म्हणालास ना? कधीपासून येतोय हा?"

"आठ दिवस झाले."

"आणि त्या दिवशी?"

"मी आईला झेलत होतो," मी म्हणालो. "फेब्रुवारीपासून. वर दोन ओळी. 'घरातली गडबड', पास."

तिला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. शिक्षिका आहे ती. पोरांना ती हेच शिकवते. "म्हणून ती वर इम्पोर्ट केलेली होती," ती म्हणाली. "आणि मला जो दाखवलास तो..."

"तिसऱ्या दिवशी पुसल्या ओळी. तुला दिसू नयेत म्हणून."

"काल मी तिथं सगळ्यांसमोर हात जोडले."

"हो."

"तू माझ्या शेजारी उभा होतास."

"हो, निकी."

ती ओरडेल, मारेल, काहीतरी फेकेल असं मला वाटलं होतं. मला ते हवं होतं. ती उठली, गार झालेला चहा मोरीत ओतला, कप विसळले. तेवढ्यात सात दहाचा वाजला. ती पाठमोरीच म्हणाली, "दर दहा मिनिटांनी. सात ते दीड. किती झाले?"

मी फोनकडे बघितलं.

"तुला विचारतेय."

"चाळीस."

"चाळीस वेळा बोलावलं त्यांनी तुला." ती वळली. तिचे डोळे कोरडे होते. "बस तिथं. चाळीस होईपर्यंत उठायचं नाही. आणि प्रत्येक वाचायचा. मोठ्यानं."

मी वाचला. "हर्ष्या, आज गाडी लेट हाय. बघ जरा."

ती समोरच्या खुर्चीत बसली. सात वीसचा वाचला. साडेसातचा वाचला. मधल्या दहा मिनिटांत कुणी बोलत नव्हतं. दहा मिनिटं किती मोठी असतात हे मला त्या दिवशी कळलं. फरशीवर पडलेल्याला ती केवढी असतील? आठच्या सुमारास माझा आवाज फुटला. मी म्हणालो, "आलो आप्पा, आलो," आणि टेबलावर डोकं ठेवलं.

"ते लिहिलेलं नाही," निकी म्हणाली. "लिहिलंय तेवढंच वाच."

नऊला ती म्हणाली, "काकांना फोन लाव. स्पीकरवर."

मी लावला. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. काका बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आरं पण हर्षल, कावळा तर तिच्याच बोलण्यावर शिवला की! तू बहिणीला वाचवाया आता कायबी बोलू नको. व्हायचं ते झालं." आणि ठेवून दिला.

निकी हसली. तसलं हसू मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की तिच्यावरचं उतरेल. पण ते मी तिसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. आता ते उतरत नव्हतं. तेराव्याला मी पुन्हा सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं, तरी आत्या आजही मशिनीचंच बोलतात.

फोन वाजला. "वाच," निकी म्हणाली.

दहा वाजले. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ टळून गेली. तिनं घड्याळाकडे बघितलं, मीही बघितलं. तिथून पुढचे वाचताना माझी जीभ जड व्हायला लागली. तिनं एकदा पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. स्वतः काही खाल्लं नाही, मलाही विचारलं नाही. अकरा, बारा. ऊन खिडकीतून आत आलं, टेबलावरून सरकून गेलं. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस.

दीडला चाळिसावा आला. मी वाचला.

"आता भागीबाई आल्या," निकी म्हणाली, आणि मग रडायला लागली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच मोकळी रडली, आई गेली तेव्हा रडली होती तशी, तोंड उघडं टाकून. मी उठून जवळ गेलो, तर तिनं हातानं थांबवलं.

"तू जा आता, दादा."

"निकी, राखीला..."

"यंदा सण नाहीतच आपल्याला. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी जिन्यात उभा राहिलो. एक चाळीसला फोन पुन्हा वाजला. प्रोग्रामला बिचाऱ्याला काय माहीत, भागीबाई येऊन गेल्या म्हणून. आता ऐकायला कुणी नव्हतं, वाच म्हणायलाही नव्हतं.

मी तोही वाचला, मोठ्यानं.